तागडीचा पैसा

नाणे हे वाचावयाचे कमी आणि पाहावयाचे अधिक, असे आमचे मत आहे. रोमच्या बादशहांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. त्यांची सोन्यारुप्याची नाणी समुद्रमार्गे भडोचेस येत, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नमूद आहे, आणि भडोच आमच्या सुरतेहून काही फार दूर नाही. परंतु रोमच्या राज्यकर्त्यांचे मन ज्याला पाहावयाचे असेल, त्याने त्यांची तांब्या-काशाची नाणी पाहावीत. कारण ती भाजीपाला घेणाऱ्याच्या मुठीत असत. डोमिशियन बादशहाच्या (इ. स. ८१ ते ९६) अशा नाण्यांवर मोनेटा देवी उभी आहे. तिच्या एका हाती तागडी, दुसऱ्या हाती फळांनी भरलेले शिंग. रोमची जुनी टांकसाळ तिच्याच देवळापाशी होती. निरक्षरालाही कळावे, की वजन चोख आहे आणि घरात धान्य येणार आहे. (आश्वासन बादशहाचे, चोख किती, ते सराफास ठाऊक!)

तीच तागडी आमच्या देवघरातही आहे. पूजेच्या कलशात घालण्यासाठी आजीने जपून ठेवलेल्या नाण्यांत पाच शिवराया आहेत, आणि एक कंपनी सरकारचा १८३३ सालचा पैसा. त्यावर तराजू, आणि दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. ज्या कंपनीने सुरतेत १६१३ साली वखार घातली, १७५९ साली किल्ला घेतला आणि १८०० साली सारा कारभारच गिळला, तिने गरिबाच्या पैशावर न्यायाची तागडी काढावी!

आमच्या चिरंजीवांनी नेमकी हीच हरकत घेतली: हा पैसा देवापुढे नको. त्यांचे म्हणणे आम्हांस खोटे म्हणवेना. पण आजीला फारसी येत नव्हती, कंपनीचा इतिहासही नव्हता. तिने तांबे पाहिले, बाजारात रोज दिसणारी तागडी पाहिली, आणि पैसा कलशात सोडला. तिच्या हाती आल्यावर ती तागडी कंपनीची राहिली काय?

शिवराईवर मात्र चित्रच नाही. एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, तीही अक्षरे निम्मी कडेबाहेर गेलेली. १६६४ आणि १६७० ही साले आमच्या शेजाऱ्यांना पाठ असल्यामुळे शिवराईचे कौतुक आम्ही येथे जरा हळू आवाजातच करतो.

गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी सहाही नाणी सराफाकडे तोलून आणली. पाचांतल्या दोन शिवरायाही सारख्या भरल्या नाहीत. पैसा अजून कलशातच आहे. हरकतही मागे घेतलेली नाही.