नदीकाठची टिपणं

जर्सी सिटीतल्या ग्रोव्ह स्ट्रीटला पाथची लोकल पकडली की काही मिनिटांत नदीपलीकडे, न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर. तिथून वर येऊन नदीच्या रोखाने चालत गेलं की रॉकफेलर पार्क. पिशवीत सोलापुरी चादर, पाण्याची बाटली, डब्यात थालीपीठ. ऑगस्टमधली ही आमची नेमाची वारी: बॅटरी डान्स फेस्टिव्हल. तिकीट नाही. चादर अंथरली की जागा आपली.

०

नृत्यदिग्दर्शक जोनाथन हॉलंडर यांनी १९७६मध्ये बॅटरी डान्स ही कंपनी काढली आणि १९८२मध्ये हा उत्सव सुरू केला. तेव्हा नाव होतं डाउनटाउन डान्स फेस्टिव्हल. वॉल स्ट्रीटच्या आसपास दिवसभर राबणाऱ्या आणि थिएटरची पायरी क्वचितच चढणाऱ्या माणसांपुढे नाच न्यायचा, हा विचार. हॉलंडर १९६८मध्ये विद्यार्थी म्हणून मुंबईत राहून गेले होते, १९९२मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर पुन्हा भारतात आले. पंधरा ऑगस्टच्या सुमारास इथे भारतीय नृत्याची एक संध्याकाळ असते, तिचं मूळ या येण्याजाण्यात असावं असं मला वाटतं.

०

रंगमंच नदीला पाठ करून उभा असतो. कार्यक्रम सातला सुरू होतो आणि त्या दिवसांत सूर्य मावळतो आठच्या जरा आधी. म्हणजे पहिला पाऊण तास ऊन थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत, आणि नाचणारा माणूस नुसती काळी आकृती. डोळे, भुवया, ओठ काही दिसत नाही. एका वर्षी पहिल्याच क्रमांकावर अभिनयाचं पद होतं. मुलीने काय केलं असेल ते तिलाच ठाऊक, आम्हाला फक्त खांदे आणि मनगटं दिसली. तिच्यानंतर आलेल्या दोघांची रचना मात्र सगळी कंबरेच्या आणि पाठीच्या वळणांची. ती त्या उजेडात अशी खुलली, की शेजारच्या चादरीवरचं मूल रडायचं थांबलं. मग सूर्य जर्सीच्या इमारतींमागे गेला, दिवे जागे झाले आणि चेहरे आले.

नव्या कोरिओग्राफरला हे कोण शिकवणार? तालमीच्या खोलीत चार भिंती, एक आरसा आणि ट्यूबलाइट. उघड्यावर आपल्या रचनेतलं काय उरतं, हे उघड्यावर आल्याशिवाय कळत नाही.

०

मार्ली. स्टेजवर अंथरतात त्या रबरासारख्या व्हिनाइलच्या पट्ट्यांना सगळे नर्तक हेच म्हणतात. मुळात ते एका ब्रिटिश कंपनीचं नाव, पण आता कुणीही बनवलेली पट्टी मार्लीच. ऑगस्टच्या उन्हात ती तापते. कार्यक्रमाआधी एक मुलगा गुडघ्यावर बसून तिला हाताचा तळवा लावून पाहत होता, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावते तसा. मग ओलं फडकं फिरवलं, वाळू दिलं, पुन्हा हात लावला. कथकवाल्यांचे हाल वेगळेच. चक्कर घेताना तळपाय मार्लीला धरतो आणि सोलवटतो, तत्कार दबतो आणि उरलेला आवाज नदीवरचा वारा नेतो. घुंगरांजवळ माइक लावणं ही तिथे चैन नाही, गरज आहे.

०

एक चाकोरी मला खूप वर्षं सलते आहे. नव्या माणसाने एक नाच बसवला की त्याला हॉलचं भाडं हवं, दिवे हवेत, नर्तकांच्या तालमींचे पैसे हवेत. हे सगळं स्वतःच्या खिशातून भरून तो जे प्रेक्षक जमवतो ते कोण, तर आईवडील, मैत्रिणी, क्लासमधल्या मुली. सगळे टाळ्या वाजवतात. टाळ्या खऱ्या असतात, पण त्या त्याला वाजवलेल्या असतात, नाचाला नव्हे.

रॉकफेलर पार्कच्या हिरवळीवर कुत्रा फिरवणारा थांबतो. सायकलवाला एक पाय टेकून उभा राहतो. यांतल्या कुणाचंच त्या कोरिओग्राफरशी नातं नाही आणि कुणी पैसेही भरलेले नाहीत. आवडलं नाही तर ते निघून जाणार, लाजेखातर बसून राहायचं कारणच नाही. एका रचनेत चौथ्या मिनिटाला सायकली हलू लागल्या. रचना संपल्यावर ती बसवणारी मुलगी विंगेत नव्हती (विंगच नव्हती), कठड्याशी उभी राहून वहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटतं, कुठल्याही परीक्षकाच्या गुणांपेक्षा ते चौथं मिनिट तिच्या जास्त कामाचं होतं.

०

आम्ही कुडाळकडचे. जत्रेत दशावतार पाहायला तिकीट काढल्याचं मला आठवत नाही. देवळासमोर चटई, अंगावर गोधडी, आणि पहाटेपर्यंत नाटक. पण कंपनीला बिदागी मिळायची, जेवण मिळायचं. तो भार गाव उचलायचं. फुकट होतं ते बघणाऱ्याला.

इथेही तसंच आहे. शहराचा सांस्कृतिक विभाग, राज्याची कला परिषद, फाउंडेशन आणि साध्या माणसांच्या देणग्या यांवर हे चालतं. प्रवेश मोफत ठेवायला कुणाला तरी वर्षभर अर्ज लिहावे लागतात. ‘एक्सपोजर मिळेल’ म्हणून नर्तकांकडून फुकट नाचवून घेणारे कार्यक्रम मी आपल्या मंडळांतही पाहिलेत आणि त्याचा मला राग येतो.

०

२०२०. कोविडमुळे उत्सव पडद्यावर. खिडकीतून पलीकडचा तो काठ दिसत होता, रिकामा, आणि आम्ही लॅपटॉपवर नाच पाहत होतो. मध्ये फक्त नदी. त्या वर्षी चादर कपाटातच राहिली.

०

मध्येच पाऊस आला की सगळे उठतात. नर्तक आणि स्वयंसेवक मिळून टॉवेलने स्टेज पुसतात. ओल्या मार्लीवर पाय घसरला तर गुडघा जातो, म्हणून वाळल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. लोक मात्र झाडाखाली थांबून राहतात.

०

पुण्यामुंबईतल्या नृत्यसंस्थांना आणि इथल्या महाराष्ट्र मंडळांना एक विनंती. वर्षातली एक संध्याकाळ एखाद्या बागेत मार्ली अंथरा. वार्षिक कार्यक्रम नको, स्पर्धा नको, गुरूंच्या रचना नकोत. पंचविशीतल्या चारपाच जणांना त्यांच्या स्वतःच्या रचना करू द्या, प्रत्येकाला दहा मिनिटं आणि मानधनाचं पाकीट द्या. चादरी लोक घरून आणतील.