खंदक, खाजण आणि शहराची कड

बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. नोकरीसाठी कोलकात्याला आलो, त्याच आठवड्यात एका बंगाली सहकाऱ्यानं मला मुद्दाम तिथं नेलं. म्हणाला, "दादा, आमच्या शहराची हद्द तुमच्या धाकानं आखली गेली." 1742 मध्ये रघूजी भोसल्यांचे बारगीर भास्करपंतांबरोबर बंगालमध्ये उतरले आणि घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, खणून झाला जेमतेम तीन. मराठे शहरात आलेच नाहीत. 1799 पासून तो बुजवून त्याच्यावर सर्क्युलर रोड झाला.

मी पेशानं नगररचनाकार. शहराची हद्द म्हणून ओढलेली रेघ किती वर्षं टिकते, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. खंदकाची टिकली साठेक वर्षं. बारगिरांचा धाक ओसरला आणि तिला काही कामच उरलं नाही.

आज अशा रेघा विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, ओढल्या जातात. महाराष्ट्रात डीपी म्हटलं की लोकांना आधी 'जागेवर आरक्षण पडलं का' हेच आठवतं. आपला प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा. त्याच वर्षी कोलकात्याची मूलभूत विकास योजना बाहेर आली, 1966 ते 1986 अशा वीस वर्षांची. तिच्या मुळाशी कॉलरा होता. 1958 च्या साथीनंतर जागतिक आरोग्य संघटनेची माणसं आली, त्यांनी पाणी आणि मैलानिःसारणाची दैना मांडली. 1961 मध्ये मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी महानगर नियोजन संस्था उभी केली, तिला फोर्ड फाउंडेशनचं साहाय्य मिळालं. कोलकाता-हावड्यावरचा भार हलका करायला उत्तरेला कल्याणी-बांसबेडिया हा दुसरा ध्रुव उभारावा, असं योजनेत ठरलं. मुंबईत चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडत होते, तो काळही हाच. पण माणसं रोजगाराच्या मागं जातात, आराखड्यातल्या बाणाच्या मागं जात नाहीत. कल्याणी मागं राहिली आणि शहर पूर्वेला सरकत गेलं.

पूर्वेला काय होतं, हे कळायला या शहराचा उतार समजून घ्यावा लागतो. हुगळी दाराशी आहे, तेव्हा सांडपाणी तिलाच मिळत असेल असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात हुगळीनं वर्षानुवर्षं गाळ टाकून काठ उंच केला आहे. शहराचा उतार पूर्वेकडे, खाऱ्या तलावांच्या खाजणाकडे. मैला पूर्वी बिद्याधरी नदीत जाई. ती गाळानं भरली आणि 1928 मध्ये मृत जाहीर झाली. मग कुल्टी नदीपर्यंत नवे कालवे काढले गेले. भरती-ओहोटीचं खारं पाणी बंद झाल्यावर 1930 च्या सुमारास तिथल्या मच्छीमारांनी शहराचं सांडपाणीच तळ्यांत घ्यायला सुरुवात केली. या तळ्यांना इथं भेडी म्हणतात.

पहिल्यांदा भेडीवर गेलो तेव्हा नाकाला रुमाल लावायच्या तयारीनंच गेलो होतो. त्याची गरज पडली नाही. पाणी उथळ, हिरवट. बांधाच्या कडेनं बांबू ठोकून जलपर्णीचा पट्टा अडवून धरलेला. पुण्यात नदीतली जलपर्णी काढायची दरवर्षी ओरड असते, इथं ती मुद्दाम राखतात. लाटांचा मार ती झेलते, बांध ढासळत नाही आणि उन्हात माशांना सावली मिळते. बाकी काम सूर्याचं. उन्हानं शेवाळ वाढतं, ते पाण्याला प्राणवायू पुरवतं, घाण कुजून विरते आणि शेवाळ रोहू-कातलाच्या पोटात जातं. नवं सांडपाणी कधी आणि किती घ्यायचं हे तिथला म्हातारा मच्छीमार ओंजळीत पाणी घेऊन, रंग बघून, हुंगून ठरवत होता. ना यंत्र, ना विजेचं बिल. तळ्यातून सुटलेलं पाणी पुढं भाताला जात होतं.

आमच्या नकाशांत मात्र ही सगळी जमीन रिकामी. 1962 मध्ये हुगळीचा गाळ पाण्यात कालवून नळांतून आणला, खारे तलाव बुजवायला सुरुवात झाली. युगोस्लाव्ह कंपनीनं आखलेलं सॉल्ट लेक उभं राहिलं. नगर सुबक आहे, मी स्वतः तिथं राहिलो आहे. पण भराव तिथंच थांबला असता असं नाही. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्यानं शहराचं सांडपाणी जातं कुठं याचा माग काढला आणि या जुन्या व्यवस्थेचं गणित मांडून दाखवलं. 1992 मध्ये उच्च न्यायालयानं या भागातल्या जमिनीचा वापर बदलायला मनाई केली. 2002 मध्ये साडेबारा हजार हेक्टरना रामसर दर्जा मिळाला, 2006 मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

एवढ्यावर हायसं वाटून घेऊ नये. शहराच्या पूर्वेकडच्या बायपासवरचे मनोरे भेड्यांच्या तोंडाशी आले आहेत आणि तळं बुजवायला रात्र पुरते. तरीही भेड्यांची ही रेघ खंदकापेक्षा जास्त वर्षं टिकली, कारण ती रोज राबते. पहाटेच्या लिलावात मासळी विकणाऱ्यांचं घर तिच्यावर चालतं आणि शहराचा मैला ती फुकटात निस्तरते. ते काम थांबलं की कायदा नुसता कागदावर उरेल. कालवा गाळानं भरला, भेडीला सांडपाणी मिळेना झालं, की तळं आटतं. आटलेलं तळं नकाशावर पुन्हा 'रिकामी जमीन' होतं.

म्हणून भूवापराचा आराखडा हाती आला की मी रंग नंतर बघतो. आधी विचारतो, सांडपाण्याच्या कालव्यावर बांतल्याला जो जलदरवाजा आहे, त्याच्यापाशी पाणी किती उंचीवर राखलंय? तेवढी उंची असली, तर ते आपल्या उतारानं भेडीत जातं. शहराची कड तिथं ठरते.