आईच्या मेहनतीचा हिशेब

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आहे. मोजकेच शब्द बोलतो. मिक्सर सुरू झाला की दोन्ही कान दाबून धरतो, पण फिरत्या पंख्याकडे तासभर आनंदाने बघत बसतो. त्याच्याबद्दल पूर्वीही कधीतरी लिहावंसं वाटलं होतं. आज मात्र त्याच्याविषयी कमी आणि त्याच्या आईवडिलांच्या खिशाविषयी जास्त लिहिणार आहे. कारण आपल्या घरांतून अशा मुलासाठी दुआ भरपूर होतात, पण खर्चाची गोष्ट कुणी काढत नाही.

हिशेब साधा आहे. आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार आणि तीनदा ऑक्युपेशनल थेरपी. एका वेळचे ५०० रुपये. म्हणजे आठवड्याला अडीच हजार, महिन्याला दहा हजार. शहरात जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. मेहुणे टेम्पो चालवतात. चांगला महिना असेल तर हातात अठरा हजार पडतात. घरात सासूबाई आहेत आणि दहावीत शिकणारी मोठी मुलगी आहे. पहिल्या दोन वर्षांत बहिणीच्या बांगड्या गेल्या. नंतर थेरपी पाचवरून दोनवर आली.

यात एक आकडा राहूनच जातो. बहीण एका बालवाडीत शिकवायची, सात हजार मिळायचे. मुलाला एकटं सोडता येत नाही म्हणून तिने ते काम सोडलं. हे सात हजार कुणी खर्च म्हणून लिहीत नाही. लोक म्हणतात, "घरीच तर असते." घरी ती काय करते? त्याला खाऊ घालते, शिकवते, रात्री तीनला उठला तर त्याच्याबरोबर जागते. हेच काम पगारी बाई ठेवून करून घेतलं असतं, तर तिला किती द्यावे लागले असते?

आता कागदाची गोष्ट. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, त्यात ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही संख्या एकवीस केली आणि स्वमग्नतेला नाव मिळालं. पण बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागतं. आमच्या घरी ते काढायलाच दीड वर्ष गेलं, आणि त्यातलं पहिलं वर्ष घरातच गेलं.

सासूबाईंचा विरोध होता. त्या म्हणायच्या, "एकदा कागदावर लिहिलं की पुसता येत नाही. उद्या नातीच्या रिश्त्याला कोण येईल?" ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रिश्ता बघायला आलेली माणसं भावंडांची चौकशी करतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. शेवटी मेहुणेच म्हणाले, "अम्मी, त्याला सगळी गल्ली ओळखते. मग सरकारला कळलं तर काय बिघडतं?" त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

मग सरकारी रुग्णालयाच्या चकरा सुरू झाल्या. एकदा मानसोपचारतज्ज्ञ रजेवर, एकदा शिक्का मारणारे साहेब बैठकीत. चार फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला टेम्पोचा एक दिवस बुडाला. गर्दीत, ट्यूबलाइटच्या उजेडात तीन तास बसवलं की असं मूल ओरडणारच. मग बाकीचे लोक आईकडे बघतात. पाचव्या वेळी काम झालं.

कार्ड आल्यावर काय मिळालं, ते सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कुणाला उपयोग होईल. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीच्या खर्चालाही त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत जागा आहे. विम्याआधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. मात्र पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं पाठवून मागून घ्यायचे. त्यामुळे थेरपीवाल्यांकडून पहिल्या दिवसापासून पक्की पावती घ्या. एसटीच्या प्रवासात सवलत मिळते. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. नोकरदार पालकांना जुन्या करपद्धतीत दिव्यांग मुलासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर ती १,२५,००० आहे.

पण टेम्पोवाल्याला कराची वजावट काय कामाची? त्याच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, आणि तिथेच बहिणीचा अर्ज अडला. दिव्यांगांच्या कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाहीत. आजच्या काळात एवढ्यात कुटुंब चालवणारा माणूस कुठे भेटेल? २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेला मात्र अडीच लाखांची मर्यादा चालते. मग दिव्यांग मुलाच्या घराला पन्नास हजारांतच का अडकवायचं, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारण्यासारखा आहे.

२०१६ च्या त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. केरळात आश्वासकिरणम् नावाची योजना आहे. अशा व्यक्तीची चोवीस तास काळजी घेणाऱ्याला तिथे महिन्याला ६०० रुपये ठरवले आहेत. रक्कम अगदी लहान आहे. पण सरकारने त्या आईच्या कामाला काम म्हटलं, ही गोष्ट मला मोठी वाटते. महाराष्ट्रात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. आपली मागणी त्याच्या दारात न्यायला हवी.

आता आपल्याच घरची गोष्ट. रमजानमध्ये आपण जकात काढतो तेव्हा डोळ्यासमोर यतीम, विधवा, मदरसा येतात. अशी कुटुंबं येत नाहीत, कारण ती वरून बरी दिसतात. जकातीच्या आठ हकदारांमध्ये कर्जात बुडालेलाही आहे. मुलाच्या इलाजापायी कर्ज झालेला, निसाबाचा मालक नसलेला बाप त्यात बसतो. आईवडिलांना आणि स्वतःच्या मुलांना जकात देता येत नाही, पण गरजू भाऊ, बहीण, भाचे यांना देता येते, आणि त्यात नातं जपल्याचं पुण्यही आहे. तुमच्या घरचा मसला वेगळा असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या. आमच्या तिघा भावंडांनी ठरवलं की ईदला एकदम रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला ठरावीक पैसे द्यायचे. त्यातून थेरपी दोनवरून तीनवर आली. सासूबाई आता त्या दिवशी नातवाचा डबा स्वतः भरतात. रिश्त्याची काळजी त्यांनी सोडलेली नाही.

पैशाइतकाच वेळही लागतो. रविवारी दोन तास मी भाच्याजवळ बसते, तेवढ्यात बहीण बाजार करून येते किंवा नुसती झोपते. ती म्हणते, "आपा, या दोन तासांचे पैसे कुणी देत नाही, पण मला तेच सगळ्यात महाग वाटतात."

एक काळजी अजून बाकी आहे. आमच्यानंतर त्याचं कोण? अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. त्याला अजून नऊ वर्षं आहेत. भाची म्हणते, मी बघेन. ती पंधरा वर्षांची आहे. हे ओझं तिने एकटीने उचलावं, असं आम्हाला वाटत नाही.

म्हणून बहिणींनो, तुमच्या मोहल्ल्यात असं मूल असेल तर आईला आधी सल्ला देऊ नका. कार्ड काढलं का, एवढंच विचारा. काढलं नसेल तर ज्या दिवशी रुग्णालयात जायचं, त्या दिवशी तिच्याबरोबर जा. रांगेत तुम्ही उभ्या राहा, म्हणजे ती मुलाला घेऊन बाहेर झाडाखाली बसू शकेल.