चौथा नट

२०२५ सालच्या रंगपंचमीच्या आसपासची गोष्ट आहे. लिहू की नको असे बरेच दिवस चालले होते, कारण यात माझी बाजू काही फारशी चांगली नाही. पण परवा हिने बजावले, "लोकांना उपदेश करायचा असेल तर आधी त्या नटाचं लिहा." म्हणून लिहितो आहे.

तर झाले असे. रविवारी साताऱ्याहून एक बारसे आटोपून आम्ही दोघे वाईला परतत होतो. पाचवडला हमरस्ता सोडला आणि थोड्याच वेळात पुढचे डावे चाक बसले. पंक्चर! सत्तरी कधीच ओलांडली असली तरी स्टेपनी बदलणे मला नवीन नाही. जॅक लावला, चाक उतरवले, स्टेपनी चढवली. तेवढ्यात एक तरुण मुलगा मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काका, मी करू का?" आणि तिथेच माझे बिनसले. "नको रे बाळा, होत आलंय," म्हणालो आणि हात जास्तच भरभर चालवू लागलो.

तीन नट व्यवस्थित गेले. चौथा दोन फेऱ्यांनंतर अडला. अशा वेळी नट उलटा फिरवून काढायचा, आटे पुसायचे आणि पुन्हा बोटांनी सरळ लावायचा, हे मला ठाऊक होते. आडवे आटे चढले की पुढे जोर लावून काही उपयोग नसतो. पण तो मुलगा बघत उभा होता ना! मी पाना लावला. हलेना, म्हणून पान्यावर पाय दिला आणि सगळे वजन टाकले. 'कट्' असा आवाज झाला आणि नटासकट स्टडचा तुकडा खाली पडला.

"कसला आवाज झाला हो?" हिने विचारले.

"काही नाही, पाना सटकला."

तुकडा खिशात टाकला. चाकावर प्लॅस्टिकची टोपी दाबून बसवली. टोपी बसली की आत तीन नट आहेत का चार, कोणाला दिसते?

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाक ज्या लोखंडी चकतीवर बसते तिला हब म्हणतात. हबमधून आट्यांचे दांडे बाहेर आलेले असतात, ते स्टड. छोट्या गाड्यांना बहुधा एका चाकाला चारच असतात. मला आयुष्यभर वाटत आले की चाक या स्टडवर खुंटीला पिशवी अडकवावी तसे अडकलेले असते. तसे नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणाने चाक हबवर घट्ट दाबून धरले जाते. गाडीचा भार खरा पेलतो तो या दाबामुळे होणाऱ्या घर्षणाने. चारातला एक गेला की दाब कमी होतो, चाक सूक्ष्म हलू लागते आणि उरलेल्यांवर नको तो ताण येतो. मग तेही सैल पडतात किंवा तुटतात.

हे तेव्हा माहीत नव्हते, असे म्हणून मी सुटू शकतो. पण एक स्टड तुटला आहे एवढे तर माहीत होते! तरीही सोमवारी मी हिला आणि हिच्या थोरल्या बहिणीला घेऊन पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो. ताईंना तिथे सोडायचे होते. जाताना दोघींच्या गप्पांत काही जाणवले नाही. येताना मात्र प्रत्येक वळणाला माझे कान पुढच्या डाव्या चाकाकडे. कुठे खडा उडाला तरी छातीत धस्स व्हायचे. ही खिडकीतून खाली धोमचे पाणी बघत होती. "आज अगदी गप्प का?" म्हणाली. मी म्हटले, "वळणं आहेत, लक्ष द्यावं लागतं."

मंगळवारी सकाळी टोपी काढून बघितली. उरलेल्या तीन नटांपैकी एक बोटांनी फिरला. पाना न लावता, नुसत्या बोटांनी!

मी तसाच अंगणात बसून राहिलो. वर्गात मुलांनी काही मोडले आणि लपवले, तर मी मोडल्याबद्दल कमी आणि लपवल्याबद्दल जास्त शिक्षा करत असे. कितीतरी पोरांना त्यापायी बाकावर उभे केले आहे. असो.

दुपारी हिला सगळे सांगितले. वाटले, चिडेल. ती चिडली नाही. खिशातला तुकडा हातात घेऊन पाहिला आणि एवढेच म्हणाली, "ताई पण होती हो गाडीत." त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरे झाले असते.

गुरुवारी हिला साताऱ्याला डोळ्यात इंजेक्शन द्यायला न्यायचे होते. नेत्रपटलाला सूज आहे, ती तारीख चुकवून चालत नाही. गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी. त्याला फोन केला तर मागे ढोल वाजत होते. बुधवारी रंगपंचमी, म्हणजे बावधनचे बगाड! आमच्याकडे त्या दिवसांत कोणाला कामाचे विचारू नये. "सर, शुक्रवारपर्यंत गाडीला हात लावू नका, मी बघतो," तो म्हणाला. सरांनी अर्थातच ऐकले नाही. एस. टी. होती, सगळे होते. पण मोडले मी, तर बसवायचेही मीच, असे डोक्यात बसले होते.

संध्याकाळी स्पेअर पार्टच्या दुकानात तुटका तुकडा दाखवून नवा स्टड आणि नट आणला. दुकानदाराने आट्यांचे माप लावून पाहिले. आमच्या गाडीचा स्टड १२ मिलिमीटर जाडीचा, आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर. शेजारच्या खोक्यात तेवढ्याच जाडीचे पण १.५ अंतराचे नट होते. दिसायला अगदी जुळे भाऊ, पण या स्टडवर एकदोन फेऱ्यांनंतर अडकणारच. जाडी जुळली म्हणजे जमले असे नसते, हे नवीनच कळले.

बुधवारी सकाळी काम काढले. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, मागच्या चाकांना दगड लावले. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले केले, मग गाडी उचलली. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये, म्हणून काढलेले चाक गाडीच्या पोटाखाली आडवे सरकवून ठेवले. मागच्या बाजूचे दोन बोल्ट काढून ब्रेकचा कॅलिपर मोकळा केला आणि तारेने वर स्प्रिंगला टांगला. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. डिस्क गंजाने चिकटली होती, लाकडाचा ठोकळा ठेवून चारी बाजूंनी हळूहळू ठोकल्यावर सुटली.

तुटका स्टड मागच्या बाजूला निघतो, म्हणून हब फिरवून तो मोकळ्या जागेसमोर आणावा लागतो. आमच्या गाडीत तेवढी फट होती. सगळ्याच गाड्यांत असते असे नाही, काहींचा हब काढून प्रेसवर न्यावा लागतो. हातोड्याचे पाचसहा ठोके दिले आणि स्टड मागे पडला. खरे तर ठोकणे चांगले नाही, आतल्या बेअरिंगला मार बसतो. दाबून काढायचे हत्यार माझ्याजवळ नव्हते.

नव्या स्टडच्या डोक्याखाली बारीक उभे दाते असतात. ते हबच्या भोकात रुतून बसतात, म्हणून नट आवळताना स्टड स्वतः फिरत नाही. स्टड मागून घातला, पुढून त्यावर जाड वायसरांची चळत चढवली, वायसरांना तेल लावले आणि एक जुना नट उलटा, सपाट बाजू आत करून, आवळत गेलो. हब फिरू नये म्हणून दोन स्टडमध्ये पहार अडकवून हिला धरायला सांगितली. नट आवळत गेला तसा स्टड थोडा थोडा पुढे ओढला गेला. मागे बोट घालून पाहिले, डोके हबला सपाट टेकले होते. जुना नट फेकून दिला, कारण या ओढाताणीत त्याचे आटे थकलेले असतात.

मग डिस्क पुसून बसवली, कॅलिपर जागेवर गेला, चाक चढले. आता चारही नट आधी बोटांनी, निमुळती बाजू चाकाकडे. मग समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने. आणि आता प्रश्न आला तो किती आवळायचे याचा.

गाडीच्या पुस्तकात ८५ न्यूटन-मीटर लिहिले होते. टॉर्क पाना घरी कुठून असणार? पण बल गुणिले अंतर एवढे मलाही येते. माझ्या पान्याची दांडी ३० सेंटिमीटर, म्हणजे टोकाला साधारण २९ किलोचा जोर हवा. घरात गॅस सिलिंडर मोजायचा हुकाचा डिजिटल काटा आहे. त्याचा हुक पान्याच्या टोकाला अडकवला आणि काटकोनात ओढू लागलो. आकडे मोठे असल्याने हिला वाचता येत होते. "सव्वीस... अठ्ठावीस... एकोणतीस! बस्स करा!" असे चार वेळा.

२९ किलो म्हणजे किती कमी जोर! रविवारी मी ६५ किलोचा माणूस पान्यावर उभा राहिलो होतो. हिशेब केला, १९० न्यूटन-मीटरच्या वर जाते, दुपटीहून जास्त. घट्ट आणि नीट यांत फरक आहे. तीसपस्तीस वर्षे शिकवताना मला तो किती वेळा कळला नसेल, देव जाणे.

गाडी खाली उतरवली. ब्रेक बरेचदा दाबून पायाला पक्का लागतो याची खात्री केली. मग मोठ्या ऐटीत हिला म्हटले, "चल, गणपती घाटापर्यंत चक्कर मारू."

"आधी तुम्ही एकटे जाऊन या," ती म्हणाली.

गेलो. हळूहळू फिरून परत आलो, नट पुन्हा तपासले, जागचे हलले नव्हते. तरी गुरुवारी आम्ही साताऱ्याला गेलो ते एस. टी.नेच. हिने तसे सांगितले नव्हते. मीच सकाळी म्हणालो, "एस. टी.नं जाऊ." ती बरं म्हणाली. गाडीत बसल्यावर तिने माझा हात धरला, तेव्हा जरा बरे वाटले.

शुक्रवारी माझा विद्यार्थी आला. चाक हलवून, फिरवून पाहिले, बेअरिंगचा आवाज ऐकला. "सर, काम चांगलं झालंय. पण बाकीचे तीनही बदलू."

"ते तर चांगले आहेत की!"

"दिसतात चांगले. पण तीन दिवस चौथ्याचा भार त्यांनी ओढलाय, सर. आतून ताणले गेले असतील, ते वरून कळत नाही."

मी हिच्याकडे पाहिले. ती चहाचे कप घेऊन आत चालली होती. मी म्हटले, "बदल बाबा. तीनही बदल." शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा तपासा, असे तो बजावून गेला. तपासले. आणि चाकावरच्या त्या टोप्या चारही काढून माळ्यावर टाकल्या आहेत. गाडी जरा ओकीबोकी दिसते, पण नट मोजता येतात.