सरवा

आमच्या घरी डालड्याचा एक पिवळा डबा होता. त्यावरचं ताडाचं झाड घासून घासून निम्मं उडालं होतं. तो पिंपाशेजारी असायचा आणि त्याला आम्ही ‘मुठीचा डबा’ म्हणायचो. गिरणीत दळण निघालं की आजी आम्हा सात भावंडांना (सख्खी, चुलत, आत्ये, सगळी धरून सात) ओळीने उभं करायची. ज्याने त्याने पिंपातली ज्वारी एक मूठ घ्यायची आणि डब्यात टाकायची. दादाची मूठ ऐसपैस. आत्याचा धाकटा मात्र बोटं अशी फाकवायचा की अर्धी ज्वारी पिंपातच परत. आजीला ते दिसायचं, पण ती कधी बोलली नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी डबा उपासनेला जायचा आणि पाळकसाहेब ते धान्य कुणाकुणाकडे पोचतं करायचे.

हे नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, सत्तरच्या दशकातलं ख्रिस्ती घर. घरी ‘ज्ञानोदय’ यायचा. तो 1842 साली आमच्याच गावात सुरू झाला, हे आजोबा पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ सातवी झाली की वाचायलाच लागायचं. परक्यांच्या पोरांनी भरलेलं टिळकांचं घर आम्हाला आमच्याच घरासारखं वाटायचं. फक्त तिकडे विनोद जास्त होता.

दयाधर्माचं रीतसर शिक्षण मिळायचं ते संडे स्कूलमध्ये. मत्तयाचा पंचविसावा अध्याय, मेंढरं एकीकडे नि शेरडं दुसरीकडे. आम्ही सगळे अर्थातच मेंढरांच्या बाजूला उभे. हंगामाच्या उपासनेनंतर लिलाव व्हायचा. भोपळा, कोंबडी, अंडी, कुणी आणलेली कणसं. मंडळीतले दोन वडीलधारे एका भोपळ्यासाठी असे इरेला पेटायचे की गरिबांच्या पेटीचं भलं व्हायचं आणि त्या दोघांचं आठवडाभर बोलणं बंद.

मग 1972 चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना मिलोची लाल ज्वारी आठवत असेल. तिची भाकरी थापताना तडकायची आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. रस्त्यांच्या कामांवर खडी फोडणारी माणसं, बायकांच्या हातांना चिंध्या बांधलेल्या, दुपारी वाटायची सुकडी. आमच्या घरीही रेशनचीच मिलो होती, तरी मुठी चालूच राहिल्या. “आपल्यालाच पुरत नाही,” असं ताई एकदा म्हणाली. आजी म्हणाली, “म्हणून तर मूठ. पायली मागितली का मी?”

त्याच उन्हाळ्यात आम्हा मोठ्या मुलांना जुने कपडे घेऊन एका कामावर नेलं. माणसांना रांगेत बसवलं, कपडे वाटले आणि फोटो काढला. फोटोत आम्ही हसतोय आणि ती माणसं खाली बघताहेत. आम्ही तो मोठ्या हौसेने घरी दाखवला. आजीने चष्मा पुसून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “यातल्या कुणाचं नाव ठाऊक आहे का तुम्हाला?” नव्हतं. तो फोटो पुन्हा दिसला नाही. तिने चुलीत घातला असावा, असा माझा आजही संशय आहे.

आजीची आई छप्पनच्या दुष्काळातली, म्हणजे 1899-1900 मधली. आईबाप गेले तेव्हा ती चार-पाच वर्षांची; मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. आमच्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांची मुळं अशी दुष्काळाच्या वाटेवर सापडतात, हे आम्ही लग्नाच्या बैठकीत सांगत नाही एवढंच. पणजी आजीला सांगायची, “मला सगळ्यांनी दिलं गं. माझ्याकडून कुणी काही घेतलं नाही.” हे ती तक्रार म्हणून सांगायची, हे मला फार उशिरा कळलं.

दुष्काळ सरल्यावर संडे स्कूलची सहल केडगावला गेली. दौंडला गाडी बदलून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या, त्यांना हातात कसब दिलं. तिथला छापखाना, त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर, हे सगळं गुरुजींनी वहीत लिहून घेतलं. माझ्या लक्षात राहिली ती विणकाम करणारी एक अंध बाई. मी तिला “बिचारी” म्हणाले, ते तिने ऐकलं. “विकत घेणार आहेस का?” तिने विचारलं. माझ्याकडे चार आणे होते. “मग नाही जमायचं,” म्हणाली आणि विणत राहिली.

1973 ला पाऊस बरा झाला. शेंगा निघाल्या आणि मागोमाग बायका-पोरं खुरपी घेऊन सरवा वेचायला निघाली. काढणी झालेल्या वावरात राहिलेलं वेचायचं, तो सरवा. बायबलातली रूथ बवाजाच्या शेतात वेचत होती तोही सरवाच, त्यामुळे या शब्दाला आमच्या घरी जरा मान होता. माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर सरव्याला जायची. दिवाळीच्या सुमारास तिची आई आजारी पडली. आजीने या खेपेला डबा पाळकसाहेबांकडे न देता माझ्या हातात दिला. “दिवेलागण झाल्यावर जा. मागच्या दाराने. शाळेत बोलायचं नाही.”

मी गेले. त्या मुलीने ज्वारी ओतून घेतली, डबा पुसला आणि तळाला सरव्याच्या शेंगा घातल्या. माती लागलेल्या, दोन-तीन मुठी. मी म्हटलं, “नको नको, तुम्हालाच राहू दे.” आणि रिकामा डबा घेऊन, फार चांगली वागले अशा थाटात घरी आले.

आजीने डब्यात डोकावून पाहिलं. “काही दिलं नाही तिने?”

“देत होती. मी घेतलं नाही.”

“माघारी जा.”

“आता? अंधार पडलाय.”

“माघारी जा आणि माग.”

सगळ्या भावंडांच्या देखत मी चप्पल घातली. त्या मुलीच्या दारात उभी राहून काय बोलावं सुचेना, तेव्हा सरळ म्हटलं, “आजीने शेंगा मागितल्यात.” ती माझ्याकडे पाहून हसली, शाळेत कधी हसली नव्हती तशी. “आता निम्म्याच. बाकीच्या भाजून खाल्ल्या,” म्हणाली, आणि तव्यावरच्या गरम शेंगा माझ्या परकराच्या ओच्यात घातल्या.

वाटेत मी चार-पाच खाल्ल्या. आजीने राहिलेल्या मोजल्या नाहीत. टरफलं कुणाच्या दारात टाकलीस, तेवढं मात्र विचारलं.