चुनखडीतली लाली

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याकडच्या काळ्या मातीच्या पोटात पांढरे खडे निघतात. नांगर खोल गेला की वर येतात, वेचून बांधावर टाकले जातात. विहीर खणताना ‘चुनखडी लागली’ असं कुणी म्हटलं की वावरवाल्याचा चेहरा उतरतो. अशा जमिनीत कोवळी पानं पिवळी पडतात. मातीत लोह असतं, पण चुना ते मुळांच्या हाती लागू देत नाही. मला मात्र हे खडे तळहातावर घेऊन बसायला फार आवडतं.

समुद्राच्या शिंपल्यांशी यांचं काही नातं नाही. हा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा मुलूख. काळा कातळ झिजला, त्यातलं कॅल्शियम पावसात विरघळून थोडं खाली उतरलं आणि पुढे वाहून न्यायला पाणीच उरलं नाही, म्हणून तिथेच गोठलं. शिंदखेडा तालुक्यातल्या तुटपुंज्या पावसानं आणि रणरणत्या उन्हानं घडवलेला चुना आहे हा. अवर्षणाची इतकी देखणी नोंद मी दुसरी पाहिलेली नाही.

फ्रान्समध्ये लोत नदीकाठच्या काऑरचा चुनखडक मात्र खरोखरच जुरासिक समुद्राच्या तळाशी साचलेला. तिथला द्राक्षवेल माल्बेक. त्याची वाइन इतकी गर्द लाल, की तिला ‘काळी वाइन’ म्हणत आले. पहिल्या घोटाला पिकलेलं आळूबुखार, मग जिभेच्या कडा आवळणारा तुरटपणा, आणि तो बराच वेळ सोडत नाही. चुना काही मुळांतून पेल्यात येत नाही. चुनखडक जास्तीचं पाणी खाली सोडतो, थोडं आपल्या छिद्रांत धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात जपून देतो. वेल माजत नाही, मणी लहान राहतात. त्या लाल रंगामागे हा पाण्याचा काटकसरी हिशेब आहे.

एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीनं फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले. या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटांवर कलमं बांधली, तर चुनखडीत तीही पिवळी पडली. अगदी आपल्या वावरातल्यासारखी. तेव्हा १८८७ साली फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ पिएर व्हियाला चुना सोसणारा वेल शोधायला अमेरिकेत गेले. टेक्सासच्या चुनखडी टेकड्यांवर बर्लँडिएरी नावाचा रानवेल हिरवागार उभा होता. त्या वेलाच्या संकरांनी चुनखडीतले मळे पुन्हा उभे केले. पुढे १९५६च्या फेब्रुवारीतल्या हिमानं काऑर पुन्हा उजाड झालं, आणि लोकांनी पुन्हा लागवड केली. या चिवटपणाबद्दल मला अपार माया वाटते.

आपल्याकडेही माल्बेक आहे. इगतपुरीजवळ मुकणे धरणाच्या काठी व्हॅलोने ही वायनरी त्याची वाइन करते. तो इगतपुरीचा थंड, पावसाळी घाटमाथा. त्याच मुंबई-आग्रा रस्त्यानं नाशिक, धुळं ओलांडून आलं की नरडाणा. इथला मे महिना वेलाला भाजून काढील, खरं आहे. पण ऑक्टोबरात गोडी छाटणी केली तर मणी भरतात ते हिवाळ्यात, आणि धुळ्याकडच्या पौष-माघातल्या रात्री चांगल्याच बोचऱ्या असतात. माल्बेकला नेमकी तीच गार रात्र हवी असते.

कुणीतरी हौसेनं चार ओळी लावून पाहाव्यात. खुंट ११०-आर घ्यावा. आपल्या बागायतदारांच्या ओळखीचा आहे, आणि त्याच्या रक्तात टेक्सासचा तो बर्लँडिएरी आहे. समुद्र कधी न पाहिलेल्या चुन्यावरचा माल्बेक कसा लागतो, ते मला चाखायचं आहे.