मढे घाटाच्या माथ्यावर जुनी जीप

पुण्याहून मढे घाटाच्या माथ्यावर, केळदला, आमची जुनी सी.जे.-थ्री-बी जीप निघाली, की मिस्त्री म्हणतात, "साहेब, डिझेल इंजिन टाका!" स्वस्त पडेल, खरे, पण जड इंजिनाने पुढचे पाटे दबतील, मग तेही बदला! मी मूळचेच ठेवले आहे.

चिखलात चारही चाकांना जोर द्यावा. डांबरी रस्त्यावर पुढची मोकळी करावीत. वळणावर ती मागच्यांहून लांबचा फेरा घेतात आणि दातेचक्रांवर ताण येतो. ओढा ओलांडला, की हलके दाबून ब्रेक सुकवावेत. उतारावर गिअर खालचाच हवा; मागे मुलेबाळे बसलेली असतात!

तानाजी मालुसऱ्यांचा देह ज्या घाटाने उमरठला नेला असे सांगतात, त्याच्या कड्यावर धुके विरते आणि खाली कोकण दिसते. तिथून सर्वांना सुखरूप घरी आणते, तीच गाडी चांगली.